‘परत येते’चं कार्ड

नवरा गेल्यावर दोन महिने मी नुसती खिडकीत बसून अमेरिकेतल्या रेडमंडचा पाऊस बघत होते. रडू येईना. डबे घेऊन येणारे सगळे एकच विचारायचे, काही हवंय का. काय हवं असणार, कप्पाळ! नको म्हणायचे आणि डबा फ्रिजमध्ये ढकलायचे.

मग शेजारच्या आजींचा मुलगा आला. स्ट्रोकनंतर आजींचं इंग्लिश पार पुसलं गेलं होतं, उरली होती लहानपणची यिडिश. सांभाळायला ठेवलेली बाई एस्टोनियाची, तिचंही इंग्लिश अडखळत. फोनमधलं भाषांतराचं ॲप बोललं की आजी तोंड फिरवायच्या. मी नोकरीभर सॉफ्टवेअरमधल्या वाक्यांची भाषांतरं तपासली, म्हणून तो माझ्याकडे आला. मला दोन्हींतली एकही भाषा येत नव्हती. तरी हो म्हटलं, नाही म्हणायचाही कंटाळा आला होता.

यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरातली भाषा. मूळ जर्मन, लिपी हिब्रू, उजवीकडून डावीकडे. ती बोलणारी माणसं दुसऱ्या महायुद्धात लाखांनी मारली गेली. एस्टोनियन ही फिनिशची बहीण, एवढ्याशा देशाची. तिच्यात वेगळा भविष्यकाळच नाही, उद्याचंही आजच्यासारखंच बोलतात. ते मला बरं वाटलं. मला तरी उद्याचं कुठे काय दिसत होतं?

भाषा शिकवणाऱ्या साइटवरच्या याद्या पाहून कार्डं केली. वर एस्टोनियन, खाली यिडिश. पाणी म्हणजे ‘वेसी’ आणि ‘वासर’. दुखतंय का म्हणजे ‘कास वालुताब’ आणि ‘टूट दीर वेय’. निरोपालाही यिडिशमध्ये छान शब्द होते, ‘झाय गेझुंट’, बरी राहा. पण आजारी माणसाच्या घरातून निघताना नुसता निरोप कसा द्यायचा? ‘जाते’ म्हणायची आपल्यात पद्धत नाही. हात धजेना. मी तिथे लिहिलं, परत येते: ‘मा तुलेन तागासी’, ‘इख कुम त्सुरिक’.

बाई रोज संध्याकाळी ते कार्ड दाखवायची आणि सकाळी यायची. मग तिच्या आईचं दुखणं वाढलं आणि ती कायमची मायदेशी गेली. निरोपाचं दुसरं कार्डच नव्हतं. तिने तेच दाखवलं.

आजी दाराकडे तोंड करून बसायला लागल्या. नव्या बाईच्या हातचा घास घेईनात. असंच चाललं तर नळी घालावी लागेल, मुलगा म्हणाला. मला माझाच संताप आला. अगं शहाणे, हॉस्पिटलमध्ये नवऱ्यालाही ‘येते हं’ म्हणून तू अंघोळीला घरी आलीस. तो थांबला का?

नवीन कार्ड केलं: ‘झी कुमट निश्ट’, ती येणार नाही. दुपारी जाऊन आजींच्या हातात दिलं आणि चूक माझी, असं मराठीतच सांगितलं. त्यांनी ते बराच वेळ वाचलं, पालथं ठेवलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवायला लावली. नव्या बाईने सूप आणलं. माझ्याकडे बघत त्यांनी चार चमचे घेतले.

मग मांडीवरच्या गठ्ठ्यातून एक कार्ड शोधून माझ्यापुढे धरलं.

“टूट दीर वेय?”

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं.

“हो,” मी म्हणाले. “खूप दुखतंय.”