फिलूबायचं शेवटचं इंद्याल

फोन लोर्नाचा होता, हॉस्पिटलातून. "मावशी, मम्मी नाही राहिली," एवढंच म्हणाली. मी गॅस बंद केला आणि चपला घातल्या. रडणं नंतर झालं.

फिलूबाय आणि मी वसईकडच्या, एकाच गावच्या. इथे बहरीनमध्ये, उम्म अल हस्समला राहायलाही एकाच इमारतीत, ती मुलीकडे, लोर्नाकडे, मी मुलाकडे. मुलं ड्युटीवर गेली की दिवस आमचा. तिची जीभ तिखट, माझीही काही गोड नाही. भांडायचो, पण दुपारचा चहा एकत्रच प्यायचो. तिच्या हातचं इंद्याल मात्र मी कधी नावाजलं नाही. गरज नव्हती, ताट पुसून खायची मी. डुकराचं मटण, भरपूर लसूण, ताडीचा शिरका आणि आमचा बाटलीचा मसाला. पाण्याचा थेंब नाही. केल्या दिवशी कोणाला हात लावू द्यायची नाही, मुरू दे म्हणायची. मसाला गावाहून यायचा, आमच्याकडे भरतात तसा बिअरच्या रिकाम्या बाटलीत ठासून. एकदा इथल्या विमानतळावर तिला अडवलं. अधिकाऱ्याने बाटली उचलून विचारलं, "बिअर?" हिने बूच काढून बाटली त्याच्या नाकाशी धरली. तो शिंकत सुटला. "खलास, यल्ला, जाओ!" घरी येऊन मला म्हणते, "शिंका मात्र आपल्यासारख्याच देतात गं."

लोर्ना पाहुण्यांसमोर इंद्यालला विंदालू म्हणायची. फिलूबाय भडकायची. "हॉटेलातलं नाव माझ्या टोपाला लावू नको." एका सणाला चर्चमध्ये गोव्याचे एक फादर जेवायला बसले होते, त्यांनी समजावलं. पोर्तुगीज खलाशी लांबच्या प्रवासात मांस टिकावं म्हणून ते दारूत आणि लसणात घालून ठेवायचे. त्या दोन जिनसांवरूनच त्यांच्या भाषेत नाव पडलं. पुढे ते गोव्यात, वसईत राहिले. तिथे द्राक्षाची दारू कुठली? आपल्या बायकांनी ताडीचा शिरका घातला, मिरची-मसाला वाढवला, आणि नाव ज्याच्या त्याच्या जिभेवर बसेल तसं झालं. तुमचं इंद्याल, आमचं विंदालू, दोन्ही खरी, फादर म्हणाले. फिलूबायने ऐकून घेतलं. "म्हणजे हे बोटीवर निघालेल्यांचं जेवण. मग मी बहरीनला आणलं ते बरोबरच केलं की!" तरी नाव बदललं नाही तिने.

शेवटचं इंद्याल तिने लोर्नाच्या वाढदिवसासाठी केलं होतं. ते मुरत होतं, आणि ही गेली... लोर्ना शवपेटीबरोबर गावी निघाली, तेव्हा तिने टोप तसाच फ्रीझरमध्ये ठेवला. परत आली, कामावर जाऊ लागली, टोप जागचा हलेना. मी म्हटलं, "खाऊन टाक."

"नको ना मावशी, प्लीज. लास्ट आहे. हे संपलं की मम्मी संपली."

"शिरक्याने मांस टिकतं, पोरी. माणूस नाही टिकत. उद्या खराब झालं तर तिच्या हातचं गटारात ओतशील?"

ती रागावली. बरेच दिवस जिन्यात भेटली तरी बोलली नाही. मीही समजूत काढायला गेले नाही. जे खरं ते सांगितलं होतं.

मग एका सुट्टीच्या दुपारी तिने दार वाजवलं. "गरम केलंय. एकटीला नाही खाववत."

मी गेले. पाव होता. दोघींनी वाढून घेतलं. पहिला घास घेतला आणि लोर्ना थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मलाही कळलं होतं. मीठच नव्हतं. फिलूबायच्या हातून मीठ चुकलेलं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. टोपापाशी उभी होती तेव्हाच तिला बरं नव्हतं, डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि ती कोणाला बोलली नाही. मी रोज समोर बसून चहा प्यायले, मलाही नाही.

"मावशी, तिने सांगितलं का नाही?" लोर्नाने विचारलं.

मिठाची बरणी हाताशी होती. आम्ही दोघींनी वरून मीठ घेतलं नाही. होतं तसं खाल्लं, टोप रिकामा होईपर्यंत.