घोड्यांचा हौद

लढाईच्या दिवसांत मी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ऊस खात्याचा कारकून होतो. कारकून, पण हंगामी. गाळप सुरू झालं की बोलवायचं, संपलं की घरी धाडायचं. असे दोन हंगाम गेल्यावर साहेबांनी मला समोर उभं केलं. आदल्या वर्षी ऊसतोडीची टोळी मध्येच दुसऱ्या कारखान्याला निघून गेली होती. "यंदाची टोळी होळीपर्यंत टिकव, तुला कायम करतो," ते म्हणाले. मी चंगच बांधला.

माझं म्हणणं असं, की आल्या माणसाचं आपण नीट स्वागत करत नाही, म्हणून तो टिकत नाही. टोळी यायच्या दिवशी मी फाटकाशी मांडव घातला, झेंडूची तोरणं लावली, मोठ्या पातेल्यात चहा उकळला. लढाईमुळे बाहेर साखर नजरेला पडत नव्हती. मी चहात ओंजळी-ओंजळीने ओतली. छोटं भाषणही पाठ केलं.

दुपारी पाथर्डीकडून टोळीच्या बैलगाड्या आल्या, तीन दिवसांची वाट तुडवून. भाषण खणखणीत झालं. पण चहाला कुणी पुढे येईना आणि गाडीतलं सामानही कुणी उतरवीना. मुकादम म्हणाला, "फुडच्या कारखान्याचा बी निरोप हाय आमाला." माझं डोकंच फिरलं. एवढं करून वर यांचे नखरे!

तेवढ्यात एक म्हातारी गाडीतून उतरली. "सायेब, च्या ग्वाड आसंल. पन बैलं सकाळधरनं तान्हेली हायती. त्येंनी प्याल्याबिगर आमच्या घशाखाली उतरंल व्हय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी शेतकऱ्याचाच मुलगा. बैलांना पाणी दाखवल्याशिवाय वडिलांनी कधी भाकरीला हात लावला नाही. दोन हंगाम टेबलाशी काय बसलो, तेवढंही विसरलो.

जवळ पाणी एकच होतं, कचेरीपुढचा हौद. तो साहेबलोकांच्या घोड्यांसाठी राखलेला. पहारेकरी आडवा आला.

"माझं नाव सांग," म्हणालो आणि पहिली जोडी मीच कासरा धरून हौदावर नेली. सगळ्या गाड्यांचे बैल पिऊन होईतो हौदाचा तळ दिसू लागला.

साहेब बाहेर आले. "कुणाला विचारून? आता घोड्यांना काय पाजू?"

"साहेब, ऊस काही घोडे ओढणार नाहीत." मी जागचा हललो नाही.

"कायम व्हायचं विसर आता," एवढंच बोलून ते आत गेले.

मी चहा पुन्हा चुलीवर चढवला. पाठीमागे हंड्याकळशांचा आवाज झाला. गाड्यांतलं सामान खाली येत होतं. म्हातारी माझ्याजवळ आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"जेवलास का रं?" तिने विचारलं.

सवयीने हो म्हणालो. तिला ते पटलं नाही. फडक्यातली अर्धी भाकरी मोडून तिने माझ्या हातावर ठेवली. दोन हंगामांत त्या कारखान्यात मला हे कुणी विचारलं नव्हतं. डोळे भरून आले. ती भाकरी खाता खाताच ठरवलं, मला कायम करोत न करोत, या माणसांना होळीच्या आत इथून जावंसं वाटू द्यायचं नाही.

होळीपर्यंत एकही गाडी हलली नाही. मग गाळप संपलं, गाड्या पाथर्डीला निघाल्या. माझं गाव वाटेवरच होतं. म्हातारीच्या गाडीत वळकटी टाकली आणि मीही घरी गेलो.