मुका ई

इंग्रजी स्पेलिंगला नियम असतात, असं मी माझ्या मुलीला सांगितलं. एवढीच माझी चूक.

मी तेव्हा बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होतो. राजाजीनगरात नुकतंच बिऱ्हाड केलं होतं आणि सहा वर्षांच्या नंदाला इंग्रजी शाळेत घातलं होतं. सहामाहीत ती वाचनात नापास झाली. शाळेची चिठ्ठी आली, वार्षिकलाही असंच झालं तर मुलगी त्याच वर्गात राहील. (इंजिनियरची मुलगी!)

"मी शब्द पाठ करून घेते, पाढ्यांसारखे," माझी पत्नी कमल म्हणाली. तिचं इंग्रजी एबीसीडीपाशी संपत होतं.

"पाठांतर अडाण्यांनी करावं," मी म्हणालो. "मी नियम शिकवतो."

नियम साधा होता. शब्दाच्या शेवटी आलेला ई मुका. स्वतः बोलत नाही, पण आधीच्या स्वराला त्याचं नाव घ्यायला लावतो.

"नव्या नवरीला लावतात तसं?" नंदानं विचारलं.

"अगदी तसं." मी कमलकडे विजयानं पाहिलं. केक, काइट, रोझ, नंदानं धडाधड वाचले. मग पान उलटून म्हणाली, "हेव्ह."

"हॅव्ह."

"शेवटी ई आहे, बाबा."

"हा अपवाद."

"गाइव्ह."

"गिव्ह. हाही अपवाद."

'कम'चं तिनं कोम केलं, 'सम'चं सोम. ओ-एन-ई म्हणजे 'वन' असं सांगितल्यावर तर ती रडायलाच लागली. "यात डब्ल्यू कुठाय?" मलाही दिसला नाही. ज्यांना एक हा आकडा धड लिहिता येत नाही त्यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं, या विचारानं माझं डोकं तापलं. मी पुस्तक मिटलं आणि निकाल दिला, "चूक त्यांची आहे. तू नियमानंच वाच."

तिनं शाळेत नियमानंच वाचलं. आठवड्यात दुसरी चिठ्ठी आली, घरी जे कोणी शिकवतात त्यांनी भेटावं.

मी अर्धी रजा टाकली आणि टाय बांधून गेलो. वर्गशिक्षिका मिस पिंटोंना मी वीस मिनिटं इंग्रजी भाषेचा अन्याय समजावला, तोही इंग्रजीतून. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"तुमच्या घरी इंग्रजी न येणारं कोणी आहे?"

"पत्नी आहे."

"मग त्यांना शिकवू द्या."

झालं. रोज संध्याकाळी मायलेकी तालात सुरू व्हायच्या, बे एके बेच्या चालीवर. एच-ए-व्ही-ई हॅव्ह, ओ-एन-ई वन. कारण नाही, विचार नाही, तत्त्व तर नाहीच. मी वर्तमानपत्रामागे चरफडत बसायचो. वार्षिक परीक्षेत नंदा वाचनात वर्गात पहिली आली.

निकालाला आम्ही तिघं गेलो. मिस पिंटोंनी कमलचं तोंडभरून कौतुक केलं, कन्नडमधून, कारण दोघींना मोडकीतोडकी येणारी तेवढी एकच भाषा होती. मग माझ्याकडे पाहत त्यांनी दबक्या आवाजात तिला विचारलं, "यांना इंग्रजी येतं का?"

कमलचं सगळं कन्नड भाजीवालीकडे शिकलेलं. ती म्हणाली, "स्वल्प."

म्हणजे थोडंसं.

मी भडकणारच होतो. मग लक्षात आलं, चारचौघांत नवऱ्याची अब्रू राखायला बाईनं जरा वाढवूनच सांगितलं होतं.