चौदा आणे तयार

वैशाखात नवी पेठेतून चालताना कोऱ्या कापडाच्या आणि रिक्षांच्या धुराच्या वासातून मध्येच वाळक्या गवताचा वास येतो. आंब्याच्या पेटीतलं गवत. माझे पाय मंदावतात, ते आंब्यांपेक्षा आईच्या एका जुन्या खोट्यामुळे.

आई समुद्रकाठची. लग्न होऊन ती सोलापूरच्या या उन्हात आली. मागे राहिला तिचा भाऊ आणि त्याची हापूसची बाग. दरवर्षी मामाची पेटी यायची. आधी होडीने खाडी ओलांडायची, मग एसटीच्या टपावर चढायची, कोल्हापुरात गाडी बदलायची आणि घाटात अडकली की देवच वाली. आंबा किती तयार झाला हे कोकणात आण्यांत सांगतात. सोळा आणे म्हणजे पूर्ण. एवढ्या वाटेत टिकावं म्हणून मामा फळ बारा आण्यांवरच उतरवायचा. असं फळ पिवळं होतं, गोड होत नाही. आम्ही पोरं तोंडं वाकडी करायचो आणि आई पोस्टकार्डावर लिहायची, आंबे साखरेसारखे होते.

वाट नाही म्हणून बाजार नाही, बाजार नाही म्हणून माणसं नाहीत. मामाच्या वाडीतली घरं एकेक करून कुलूपबंद झाली. यंदा मामाही बाग विकायला निघाला. त्याच्या मुलाने हट्ट धरला, की खाडीवर पूल आणि नवा रस्ता झालाय, एकदा चौदा आण्यांचं फळ सोलापूरला धाडून बघू. मामाने आईला फोनवर बजावलं, या खेपेला खरं सांग, तुझ्या शब्दावर काय ते ठरेल. आई आठवडाभर धड जेवली नाही. फळ पुन्हा आंबटच निघालं, तर खोटं बोलावं तर भाऊ फसणार, खरं बोलावं तर माहेर जाणार.

एका सकाळी शुक्रवार पेठेत आमच्या दारात टेम्पो थांबला. "काल दुपारी बागंत भरलं, आजी. घाटात कुटं थांबलोच न्हाय की," ड्रायव्हर म्हणाला. परतताना तो चादरींचे गठ्ठे नेणार होता. मामाकडच्या बंदरावरच्या बाजारात त्या आता खपतात म्हणे.

आंबे पलंगाखाली आठ दिवस पिकले. आईने पहिली फोड तोंडात घातली, डोळे मिटले आणि फोन मागितला.

"दादा, गोड आहे."

नेहमीसारखाच ना, असं मामाने विचारलं असावं.

"नाही. आजवरचे आंबट होते. हा गोड आहे."

पलीकडे मामा कितीतरी वेळ हसत होता; त्यालाही सगळं ठाऊक होतं. माझा जीव भांड्यात पडला. पूल झाल्यावर खाडीवरची होडी बंद पडली, याची मला थोडी हळहळ आहे. पण बाग राहिली, आणि भावाला खरं सांगायची आईला आता भीती वाटत नाही.