दाराशी थांबणारी

बाळांनो, आमच्या बोईसरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर सातपाटीची एक मुलगी एकटी राहते. मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्यांचे गर्भ ती पालघरच्या प्रयोगशाळेत सांभाळते. रोज संध्याकाळी माझ्या दाराशी थांबून ती चौकशी करी. आत मात्र येत नसे.

"ये ना गं," मी म्हणे.

"नाय काकू, तुमच्या उदबत्तीचा वास केसांत बसतो. उद्या गर्भांजवळ जायचं हाय."

एकदा तिने कारण सांगितलं. पहिल्या काही दिवसांत गर्भाच्या डीएनएवरच्या, आईबापांकडून आलेल्या मिथाइलच्या खुणा, म्हणजे कुठलं जनुक चालू नि कुठलं बंद हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा, बहुतेक पुसल्या जातात आणि नव्या नंतर उमटतात. "तेवढे दिवस त्याला बाहेरचं काय लागू नये, म्हणून जपते."

तुम्ही नोकऱ्यांसाठी दूर गेल्यापासून संध्याकाळी माझ्याशी बोलणारी ती एकटीच. मी उदबत्ती लावणं बंद केलं. आठवड्याने तिने दारातूनच हवा हुंगली.

"देव रागावेल, काकू."

"त्यालाही घरात माणसं आवडतात."

ती आत आली, चहा प्याली आणि खुर्चीत बसल्या बसल्या झोपून गेली. मी टीव्ही बंद केला आणि तिच्यासमोर नुसती बसून राहिले.