सगळ्यांचा वाढदिवस एक जून

आमच्या वर्गात सगळ्यांचा वाढदिवस एक जूनला यायचा. आईबापांना लेकराची तारीख सांगता आली नाही, की गुरुजी शाळेत नाव घालताना एक जून ठोकून देत. कागदावर आम्ही सगळी जुळी भावंडंच. घरात मात्र वय दुष्काळावरून मोजायचे. मी दुष्काळी कामांवर खायला सुकडी वाटायच्या दिवसांतली. आई तेव्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. माझ्याशेजारी बसणारी मैत्रीण दुष्काळाच्या आधीची, विहिरींना पाणी होतं तेव्हाची. ती माझ्यापेक्षा डोकंभर उंच, आणि मी शेवग्याच्या शेंगेसारखी. दुष्काळानं नेमकं मलाच गाठलं, याचा मला भारी राग यायचा.

आम्ही सातवीत होतो तेव्हा लातूर जिल्हा अजून नवाकोरा होता. आधी खो-खोच्या स्पर्धेला उस्मानाबादला जावं लागे, म्हणून पोरींना कुणी पाठवतच नसे. आता जिल्हा जवळ आला. शिरूर अनंतपाळच्या पलीकडं मी काही पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं मला संघात जायचंच होतं. पण गुरुजी हाडपेर बघून निवड करायचे. "तू लई बारकी हायस. पुढल्या साली बघू," म्हणाले. पुढल्या साली मी काय मैत्रिणीच्या आधी जन्मणार होते?

तरी हट्टानं सरावाला उतरले. हुलकावण्या देत बराच वेळ टिकलेही. शेवटी खो मिळताच मैत्रिणीनं अशी झेप घेतली की दोघी धुळीत. उठले तर तोंडात रक्त आणि तळहातावर दात. मी भोकाड पसरलं. दाताचं काही नव्हतं. आता गुरुजी घेतच नाहीत, याचं रडू होतं.

गुरुजींनी दात उचलून न्याहाळला. ते शेतकऱ्याच्या घरचे. बैलबाजाराला जाताना गाव त्यांना सोबत न्यायचं.

"अगं, ह्यो तर दुधाचा हाय की!" मग मैत्रिणीला म्हणाले, "तू आ कर."

तिचे सगळे दात पक्के.

"तू कवाची गं?"

"दुष्काळाच्या आधीची, गुरुजी."

"अन् तू?"

"सुकडीतली," मी हुंदके देत सांगितलं.

गुरुजी पोट धरून हसायला लागले. "बैल घेताना दातावरनं वय बघतो मी, अन् पोरी उंचीवर घ्यायलोय! तारीख बी मीच ठोकलेली. दुधाच्या दातावर एवढी पळती, तर पक्के आल्यावर काय करील? चल लातूरला."

लातूरला आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. समोरच्या संघाच्या बाईंनी माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, "ही चिमुरडी कधीची?" गुरुजी म्हणाले, "एक जून." बाई म्हणाल्या, "आमच्या पण सगळ्या एक जूनच्याच!" दोघंही हसत सुटले. पण आमच्यात शेवटपर्यंत टिकले ती मीच. परतताना एसटीत मैत्रिणीनं मला खिडकीची जागा दिली, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

पुढे मीही खेळाची बाई झाले. एकाच वयोगटात आधी जन्मलेली मुलं थोराड दिसतात, म्हणून संघात घेतली जातात. सराव त्यांनाच मिळतो आणि मग तीच गुणी ठरतात, असं संशोधन परदेशात झालंय म्हणे. वाचून मला गुरुजींची फार आठवण आली. हल्ली जन्मतारखा खऱ्या असतात. तरीही निवडीच्या दिवशी रांगेच्या टोकाला एखादी बारकी पोर मान खाली घालून उभी दिसली, की मी तिच्यापाशी जाऊन म्हणते, "आ कर बघू." दातात फट दिसली, की आधी तिला घेते.