व्याह्यांची वरची बर्थ

पाचोऱ्यात हिलाल नानांना ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही, आणि त्यांना वचकून असतो असाही एक सापडणार नाही. बाजार समितीच्या रस्त्याला त्यांचं बी-बियाण्याचं छोटं दुकान. गिऱ्हाईक पायरी चढतंय न चढतंय तोच नानांचे हात जोडलेले. एखादा गडी वाफसा नसताना पेरायचा, बी कुजवायचा आणि रिकामी पिशवी नाचवत दुकानात येऊन तोंडाला येईल ते बोलायचा. नाना त्यालाही "चुकलंच भाऊ" म्हणायचे. चूक कुणाची, हा प्रश्न त्यांना पडायचाच नाही. समोरचा रागावला आहे, एवढं त्यांना पुरे. असल्या माणसाला लोक देवमाणूस म्हणतात. देवमाणूस कसला, पायपुसणं! तेही स्वतःहून दारात जाऊन पडलेलं.

अशा माणसाला एकुलती एक लेक, सुनंदा. आणि ती दिली सोनगीरच्या रुपचंदच्या घरात.

रुपचंदचंही दुकान बियाण्याचंच, आग्रा रोडला लागून. माणूस अंगाने आडवा आणि स्वभावाने त्याहून आडवा. लग्नात अक्षता पडायच्या आत हा दोनदा रुसला. एकदा बँड उशिरा आला म्हणून, एकदा आपल्या खुर्चीवर पांढरं कापड नाही म्हणून. दोन्ही वेळा हिलाल नानांनी त्याचे पाय धरले. एकदा पाय धरून मिळाले की असली माणसं ते पुन्हा पुन्हा पुढे करतात, हे नानांच्या डोक्यात शिरलं नाही.

लग्नाला वर्ष झालं आणि नानांच्या पुतण्याचा साखरपुडा निघाला. टॉवेल-टोपीचा मान देताना कुणीतरी रुपचंदचं नाव तिसऱ्या नंबरावर पुकारलं. तो जेवण टाकून उठला. पुढच्या आठवड्यात सुनंदा एका पिशवीनिशी एसटीतून उतरली, तिसरा महिना चालू असताना. सासऱ्याचा निरोप होता, आधी मान करायला शिका, मग पोर धाडा. जावई कौतिक बापापुढे ब्र काढणारा नव्हता. माहेरीच सुनंदाला मुलगी झाली, ती पाच महिन्यांची झाली, तरी सोनगीरहून कुणी तोंड बघायला आलं नाही. अकरा महिन्यांत नाना पाच वेळा सोनगीरला जाऊन आले. पाचही वेळा रुपचंदने त्यांना गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर बसवलं आणि पाचही वेळा "बघू" म्हणून वाटेला लावलं.

आणि शहाण्णव साली ही बोटीची भानगड उपटली. एका बियाणे कंपनीने विक्रेत्यांसाठी बक्षीस काढलं होतं. मुंबईहून विमानाने सिंगापूर आणि तिथून तीन दिवस आलिशान बोटीवर. ज्यांनी भरपूर माल खपवला त्यांना वर खिडकीच्या खोल्या, आणि जे जेमतेम यादीत बसले त्यांना सगळ्यात स्वस्तातल्या, बोटीच्या पोटातल्या. नाना जेमतेम बसले होते. रुपचंदही जेमतेमच बसला होता. कंपनीच्या कुणा शहाण्याने कागद चाळले, दोघं एकमेकांचे व्याही आहेत असं वाचलं आणि मोठ्या कौतुकाने दोघांना एकाच खोलीत घातलं. नात्याची माणसं, गप्पागोष्टी करतील! त्या शहाण्याला स्वतःला मुलगी नसणार.

नानांची बायको भिकुबाई मात्र हरखली. "देवनीच धाडी दिनं," ती म्हणाली. "तीन दिन एक खोलीमां शेतस. काय बी करा, पन पोरगीनं बोलनं करीसनच या." नानांनी मान डोलावली. सुनंदा पोरीला खांद्यावर घेऊन दाराशी उभी होती. ती बापाला एवढंच म्हणाली, "जपीसन जा, आबा."

बोट म्हणजे पाण्यावर उभं केलेलं गावच. पितळी कठडे, काचेची लिफ्ट, पाऊल बुडेल असा गालिचा, मधोमध कारंजं. हे सगळं वरच्यांसाठी. हिलाल नाना आणि रुपचंद जिने उतरत राहिले. दोन मजल्यांनंतर गालिचा संपला, आणखी दोन मजल्यांनंतर रंगाचा आणि तेलाचा वास सुरू झाला. खोली एवढी की दोघांनी उभं राहायचं तर एकाने भिंतीला चिकटायचं. भिंतीवर छान फुलाफुलांचा पडदा होता. नानांनी समुद्र बघायला तो सरकवला, तर मागे पांढरा पत्रा. खिडकी नव्हतीच, नुसता पडदा. इंजिनाची घरघर पायातून वर चढत होती.

आगगाडीत असतात तशा दोन बर्थ होत्या, एकावर एक. रुपचंद वयाने मोठा, त्यात गुडघ्याने अधू, त्याला खालची बरी पडेल, म्हणून नानांनी आपली पिशवी वरच्या बर्थवर टाकली. झालं! रुपचंदच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"ओ पाचोरावाला, हाई काय करी ऱ्हायनात? लेकीना बाप वर आनी वरपक्ष खाले? वरपक्ष शेत आम्ही. वरपक्ष वरच झोपी!"

वर म्हणजे नवरामुलगा हे कुणालाही कळतं. त्याच्या बापाने त्यासाठी बर्थवर चढावं, हा अर्थ रुपचंदने स्वतः लावलेला. शहाण्या माणसाने हसून "झोपा बापडे" म्हटलं असतं. नानांनी घाईघाईने पिशवी काढली आणि हात जोडले. बोटीतल्या सगळ्यात हलक्या वर्गात, पाण्याच्याही खाली, दोन म्हातारे कोण वर आणि कोण खाली याचा निवाडा करत होते, आणि त्यातला एक जिंकल्यासारखा दिसत होता.

पण वर चढायचं कसं? शिडी होती, लोखंडी, बोटभर जाडीच्या दांड्यांची. रुपचंदने एका दांडीवर पाय ठेवला, गुडघा कुरकुरला, तो खाली उतरला. आणि म्हणाला, "खांदा द्या."

नानांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते खाली बसले, भिंतीचा आधार घेतला. रुपचंदने त्यांच्या डाव्या खांद्यावर पाय दिला, मग बर्थच्या कडेला धरून स्वतःला वर ओढलं. वर गेल्यावर त्याने तंबाखूची डबी मागितली. नानांनी ती दिली. लगेच हात जोडून विचारलं, "सुनंदानं काय करानं, व्याही?"

"बघू," वरून उत्तर आलं.

तीन दिवस हेच चाललं. सकाळी उतरायला खांदा, जेवल्यावर चढायला खांदा, चहाला उतरायला, रात्री चढायला. दर खेपेला नाना विचारायचे आणि दर खेपेला "बघू". बाकीचे विक्रेते वर पोहायच्या हौदाशी फोटो काढत होते. हिलाल नाना कुठे लांब गेले नाहीत. व्याह्यांना झोप लागली आणि जाग आली तर खाली कोण असेल, म्हणून. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या एका दिवाणखान्यात रुपचंद ऐटीत शिरायला गेला. दारावरच्या पोराने त्याच्या कार्डाचा रंग बघितला आणि हसत हसत त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. खालच्या खोल्यांची कार्डं तिथे चालत नव्हती. ज्याला साऱ्या सोनगीरमध्ये कुणी अडवत नाही, त्याला तिथे एका मिसरूड न फुटलेल्या पोराने अडवलं. तो काळवंडलेल्या तोंडाने खाली आला आणि त्या खेपेला नानांच्या खांद्यावर नुसता पाय ठेवून थांबला नाही, टाच रोवून उभा राहिला. मुद्दाम. नानांच्या तोंडून हुंकार निघाला, पण ते हलले नाहीत. लेकीसाठी सोसतोय, असं ते मनाशी म्हणत होते. आंघोळ करताना पाहिलं तर खांदा काळानिळा पडला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोटभर जेवून रुपचंद वर चढला. तंबाखू मळली, ढेकर दिला आणि नानांनी विचारायच्या आधीच बोलला.

"आखाजी झाली का धाडी द्या तिले. तिनासंगे पोरगीले बी."

खाली बसलेल्या नानांचे डोळे भरून आले. अकरा महिन्यांचं ओझं उतरलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या लेकी माहेरी येतात, आपली आखाजीनंतर सासरी जाईल, एवढाच काय तो फरक, असं त्यांना वाटलं. भिकुबाईला केव्हा एकदा सांगतो, असं त्यांना झालं. त्यांनी बसल्या जागेवरून वरच्या बर्थला हात जोडले. इतका आनंद त्या माणसाला जन्मात झाला नसेल, आणि तो कुणी दिला होता बघा!

दान दिल्यामुळे रुपचंदही खुशीत होता. त्याची जीभ सैल सुटली.

"पोर तुमनी कामले चांगली शे, तेन्हामां खोट नही. आखाजीनंतर नवा माल येस, सारा दुकानना माळावर चढाडना पडस. आमना माळाले शिडी नही. कसाले जोयजे? ती खाले बठे, मी तिना खांदावर पाय दिसन चढू. तुमनागतच." तो हसला. "येक दिन माले म्हने, दिन जायेल शेतस, आते मनाकडथीन व्हवाव नही. सासराले नही म्हने! मंग दिधी धाडी."

"आनी ती साखरपुडानी टोपी?" नानांनी विचारलं.

"टोपी बी व्हती ना. लोकेसले काही तं सांगनं पडस."

इंजिन घरघरत राहिलं. रुपचंद थोड्या वेळाने घोरायला लागला. हिलाल नाना खालच्या बर्थवर बसून होते. पोटात पोर असलेली लेक बियाण्याच्या गोणींमध्ये भिंतीला धरून खाली बसली आहे आणि हा आडवा माणूस तिच्या खांद्यावर उभा राहतो आहे, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी आपला खांदा चाचपला. त्यांच्या खांद्याला तीनच दिवस झाले होते. तिच्या खांद्याने वर्ष काढलं होतं. आणि या माणसाकडे तिला परत घ्या म्हणून आपण पाच वेळा गेलो! साठ वर्षांत त्यांना पहिल्यांदा राग आला, आणि तो कसा धरून ठेवायचा हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

चहाच्या वेळेला रुपचंद जागा झाला. सवयीने त्याने एक पाय खाली सोडला. पाय हवेत खांदा शोधत राहिला, इकडे, तिकडे. नानांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर.

"ओ पाचोरावाला! खांदा द्या."

"शिडी शे," नाना म्हणाले.

"काय?"

"शिडी शे ना ती. तिनावरथीन उतरा. आनी मनी पोर सोनगीरले येवाव नही."

वरून शिव्यांचा पाऊस सुरू झाला. कौतिकचं दुसरं लग्न लावतो, तुझी पोर जन्मभर तुझ्या उरावर बसेल, खानदेशात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही, सगळं बोलून झालं. बोलताना पाय तसाच लटकत होता. हिलाल नाना फार शूर झाले होते असं कुणी समजू नये. दाराची कडी त्यांना दोनदा प्रयत्न करून उघडता आली. पण ते बाहेर गेले आणि अंधार पडेपर्यंत परत आले नाहीत. रुपचंद शेवटी शिडीनेच उतरला, गुडघा सोलून घेऊन. परतीच्या विमानात दोघांच्या जागा शेजारीशेजारीच होत्या. रुपचंद मुंबईपर्यंत तोंड खिडकीकडे करून बसला.

पाचोऱ्याला नाना सकाळच्या गाडीने उतरले. भिकुबाई अंगणातच आडवी आली. "काय म्हने व्याही?" नाना थेट आत गेले. सुनंदा पोरीला पाळण्यात घालत होती. नानांनी तिच्या खांद्याकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

"त्या माळानं माले का बरं सांगं नही, बेटा? अकरा महिना घरमां शे तू."

सुनंदाचा हात पाळण्याच्या दोरीवर थांबला. ती रडली नाही. बापावर रागावलीही नाही. जे विचारलं त्याचं उत्तर द्यावं तसं तिने दिलं.

"कोनले सांगू, आबा? तुम्हीच तं पाच डाव जाईसन तेस्ना पाय पडनात."